नळी जुनी, घोडा नवा

आमच्या घरात एक बंदूक आहे. म्हणजे होती. म्हणजे आहे, पण सध्या पोलीस ठाण्यात आहे. घाबरू नका, कुणी काही केलेलं नाही :-)

सोमवार ते शुक्रवार मी फक्त बग मारतो, त्यामुळे बंदुकीशी याचा काय संबंध असं कुणालाही वाटेल. संबंध असा की आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधलं. नागोठण्याच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून थोडं आत. थोडी भातशेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, मागे डोंगर, आणि डोंगरात रानडुकरं. डुकरांसाठी पणजोबांच्या काळापासून घरात ठासणीची बंदूक. परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, मग अण्णांच्या. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. परवानाधारक गेला की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि वारसांनी ठरवायचं, कुणाच्या नावावर अर्ज करायचा की सरकारला देऊन टाकायची. वारस आम्ही दोघे भाऊ. दादा गावी शेती करतो, मी ठाण्याला असतो.

मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. "कागद करायचेत, तुझी सही लागंल. आणि हे बघ, तुला पायजे असली तर तू घे. मला काय त्याचं येवढं नाय."

खरं सांगतो, मला ती हवी होती. हॉलच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, पितळी आकड्यांवर लावलेली मी मनात बघूनही टाकली होती. शनिवारी सकाळी दिव्याला रोह्याची गाडी पकडली ती याच विचारात.

ठाण्यातल्या हवालदारांनी बंदूक टेबलावर आणून ठेवली. लहानपणी शंभरदा पाहिलेली वस्तू, पण नीट अशी मी ती पहिल्यांदाच पाहिली. बॅगेत व्हर्नियर कॅलिपर होता (असतो, विचारू नका). हवालदार म्हणाले, "बंदूक जमा करायला येतात, न्यायला येतात. मोजायला आलेले तुम्हीच पहिले."

मापं अशी. नळीची लांबी १०५ सेंटीमीटर. आतलं भोक साडेबारा मिलिमीटर. बाहेरून नळी अष्टकोनी, दस्त्याकडे ३२ मिलिमीटर जाड, तोंडाकडे निमुळती होत २२. म्हणजे भोक बोटाएवढं आणि भोवती लोखंडाची ही जाड भिंत. अण्णांनी एकदा धान्याच्या काट्यावर तोलली होती तेव्हा पावणेपाच किलो भरली होती. त्यातलं बहुतेक वजन एकट्या नळीचं.

आणि मग ती गोष्ट दिसली. केप बसवायची जी बारीक नळकांडी असते, तिच्या शेजारी नळीच्या उजव्या अंगाला एक चौकोनी डाग होता. कानसीने घासून काढलेला. मधे एक बुजवलेलं भोक. तिथे पूर्वी काहीतरी होतं आणि कुणीतरी ते काढलं होतं.

तिथे होता रंजकाचा कान. म्हणजे ही नळी मुळात केपाच्या बंदुकीची नाहीच. ती तोडेदार बंदुकीची. घोडा नंतर बसवलेला. आमच्या घरी सगळे ज्या वस्तूला 'इंग्रजांच्या वेळची' म्हणत आले, तिचा महत्त्वाचा भाग त्याहून जुन्या तऱ्हेचा निघाला.

आता तोडेदार म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती पेटवली की ज्वाला न होता उदबत्तीसारखी धुमसत राहते. नळीच्या बाजूला एक बारीक भोक, भोकाबाहेर एक छोटी वाटी. वाटीत बारीक दारू घालायची, ती रंजक. चाप ओढला की तोडा धरलेला चिमटा वाटीवर झुकतो, रंजक पेटते, भोकातून आग आत जाते आणि बार उडतो. यात ना स्प्रिंगची कटकट, ना गारगोटी. खेड्यातला लोहार दुरुस्त करू शकेल असं यंत्र.

हे यंत्र आपल्याकडे रुळलं त्यात पोर्तुगीजांचा हात मोठा. आणि ते आमच्या उशालाच होते. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे चौल-रेवदंडा. तिथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि १७४० पर्यंत ते तिथे होते. पण शिकवणं एकतर्फी नव्हतं. अल्बुकर्कने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका बनवतात. युरोपात तेव्हा बोहेमिया-जर्मनीचा माल म्हणजे शेवटचा शब्द! आणि १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जी बंदूक जपानला पोचली, तिचा घाट याच गोव्याकडच्या बंदुकांशी जुळतो असं अभ्यासक मानतात. आपल्या किनाऱ्याने एकेकाळी तंत्रज्ञान निर्यात केलं होतं, आणि तेही बंदुकीचं!

नळी घडवणं हा या सगळ्यातला खरा कठीण भाग. आज आपण सळई घेऊन भोक पाडू, तेव्हा एक मीटर लांबीचं सरळ भोक पाडणारं यंत्र नव्हतं. मग पत्रा गुंडाळून सांधायचा. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त यावर लिहिलंय. कडेला कड लावून सांधलेली नळी सांध्यातच फुटायची आणि बंदूकवाल्याचाच जीव जायचा. अकबराच्या कारखान्यात लोखंडाची पट्टी तिरकी पिळत, थरावर थर चढवत गुंडाळायचे, म्हणजे सांधा एका रेषेत येत नाही. नळ्या आतून साफ करायला बैलाने फिरवायचं चाक होतं, त्यावर एका वेळी १६ नळ्या साफ होत. (बॅच प्रोसेसिंग!) अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव होतं संग्राम. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडला तिचीच गोळी लागली असं अबुल फजल सांगतो.

मग नळी एवढी जाड आणि भोक एवढं बारीक का? याचं उत्तर मी परतीच्या गाडीत काढलं.

जाडीचं एक कारण वर आलंच. हाताने सांधलेल्या लोखंडावर भरवसा किती ठेवणार? भिंत जाड ठेवा, जीव वाचेल. दुसरं कारण वजनाचं. माझ्या नळीत साधारण १२ मिलिमीटरची शिशाची गोळी जाईल, तिचं वजन भरतं १० ग्रॅम. बंदूक पावणेपाच किलो. म्हणजे गोळी आणि बंदुकीचं प्रमाण एकास चारशे साठच्या आसपास. कंपनी सरकारच्या शिपायाकडची गारगोटीची मस्केट साडेचार किलोची आणि तिची साडेसतरा मिलिमीटरची गोळी ३२ ग्रॅमची. प्रमाण एकास एकशे चाळीस. जड बंदूक आणि हलकी गोळी म्हणजे धक्का कमी. नळी जागची हलत नाही, नेम टिकतो. आणि तिसरं कारण आम्हा कोकणातल्या माणसांना पटकन पटेल असं, काटकसर! एक किलो शिशात मस्केटच्या गोळ्या होतात ३१. माझ्या नळीच्या होतात ९७. दारूही त्याच मानाने कमी.

अर्थात हिला रायफल म्हणता येणार नाही. रायफलच्या नळीला आतून पीळ असतात, त्याने गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. माझी नळी आतून गुळगुळीत. तरी लांब नळी, जाड भिंत, चिंधीत घट्ट बसवलेली गोळी आणि डोकं शांत ठेवणारा माणूस असेल तर गुळगुळीत नळीही बरीच साथ देते. तसली माणसं कोकणात होती. त्यांना हेटकरी म्हणत. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या पायदळाबद्दल लिहिताना मावळे आणि हेटकरी असा फरक केलाय. तलवार उपसून अंगावर जाण्यात मावळ्यांचा हात कुणी धरत नसे, नेमबाजीत हेटकरी वरचढ.

आता या बंदुकीची दुखरी नस. ती भरायला मिनिट तरी जातं. शिंगातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, रंजक घालायची, तोडा सावरायचा. तेवढ्यात घोडेस्वार येऊन डोकं उडवून जाईल. म्हणून ही बंदूक मोकळ्या मैदानात कुचकामाची आणि आडोशाला बहाद्दर. आडोसा म्हणजे किल्ल्याचा तट, नाहीतर खिंड. २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलबखानाची मोगल फौज घाट उतरून उंबरखिंडीत अडकली. पेणहून खोपोलीकडे गेलात की ही जागा फार लांब नाही. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही अंगांना दाट रान आणि रानात महाराजांची माणसं. तिथे मी दोनदा गेलोय. आजही उभं राहिलं की कळतं, एक मिनिटाला एक बार काढणाऱ्याला इथे हवा तेवढा वेळ मिळाला असता.

दुसरी दुखरी नस पाऊस. तोडा विझतो, रंजक भिजते. रायगड जिल्ह्यात पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको. दसऱ्याला शस्त्रं पुजून मोहिमेला निघायचं यामागे नद्या उतरणं, चारा मिळणं ही कारणं आहेतच, पण दारू कोरडी होणं हेही एक मानायला हरकत नाही. 'फुसका बार' हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याची रंजक नक्की सादळलेली असणार.

पावसाचं उत्तर सापडलं स्कॉटलंडमधल्या एका पाद्र्याला. अलेक्झांडर फोर्साइथ त्याचं नाव. त्याला पक्षी मारायचा नाद होता आणि रंजकेचा भडका बघून पक्षी आधीच उडून जात. त्याने १८०७ मध्ये ठोका बसला की पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याचीच तांब्याची टोपी झाली, ती केप. रंजक गेली, तोडा गेला. घोडा केपेवर आपटला की बार. ठासायचं मात्र अजूनही तोंडातूनच. १८५७ ला ज्या काडतुसावरून रान पेटलं ते एन्फिल्डचं काडतूसही ठासणीच्याच रायफलचं. ते दाताने फाडून दारू नळीत ओतायची असे, म्हणून तर चरबीचा प्रश्न आला.

केप बाजारात मिळू लागल्यावर गावोगावच्या लोकांनी काय केलं? नवी बंदूक घेतली? छे. चांगली नळी टाकून देणं आपल्या रक्तात नाही. रंजकाची वाटी काढली, भोक बुजवलं, केपेची नळकांडी बसवली, नवा घोडा जोडला. अशा बदललेल्या बंदुका देशभर सापडतात, आणि आमची त्यातलीच एक. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टीमवर नवा इंटरफेस चढवणं म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. त्या लोहाराने काय घेतलं असेल? पायलीभर भात?

आणि मग आला १८७८ चा शस्त्र कायदा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही, आणि गोऱ्यांना त्यातून सूट. दुसऱ्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. पनवेलहून पेणकडे येताना शिरढोण लागतं ते त्यांचं गाव. दुष्काळात होरपळलेल्या मुलखातून रामोशी, कोळी माणसं जमवून उभं केलेलं बंड. समोर शिक्षित पलटणी आणि मागून भरायच्या रायफली. जुलै १८७९ ला ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले.

या कायद्याबद्दल आपण राजकारणाच्या अंगाने पुष्कळ वाचतो. माझ्या डोक्यात मात्र तो लोहार येतो. घरोघर बंदूक असण्यावर बंदी आली की दुरुस्त करणाऱ्याचं कामही जातं. बाप मुलाला शिकवत नाही. दोन पिढ्यांत नळी वळण्याची विद्या संपते. ज्या किनाऱ्यावरच्या मालाची बोहेमियाशी तुलना होत होती, तिथे ठासणीची बंदूक म्हणजे मागासलेपणाची खूण होऊन बसली.

तरी ती टिकली. कशी, हे मला आत्ताच कळलं, आणि खरं तर तेच सांगायला हा लेख लिहायला घेतला. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा आला १९५९ मध्ये. त्याच्या १३ व्या कलमात शेतकऱ्यासाठी एक ओळ आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी परवाना मागितला तर तो ठासणीच्या बंदुकीचा. त्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच गुळगुळीत नळीची दुसरी. म्हणजे सरकारने विचार करून सर्वांत हळू चालणारी बंदूक शेतकऱ्यासाठी निवडली. एक बार काढला की मिनिटभर तुम्ही निःशस्त्र. डुक्कर पळवायला एक बार पुरतो, दंगल करायला पुरत नाही. जगात सगळीकडे हे यंत्र जलद होत गेलं म्हणून जुनं मेलं. आमच्याकडे ते हळू राहिलं म्हणूनच त्याला जगू दिलं.

आजोबांचा हात मात्र हळू नव्हता. पौष महिना, वाल शेंगेला आलेला, बांधावर माळा घातलेला, आणि मी गोधडीत. १९८६-८७ ची गोष्ट असेल. खालून फुरफुर ऐकू आली की आजोबा उठायचे. अंधारातच सगळं. शिंगातून दारूचं माप, वरून चिंधी, गज दोनदा आपटायचा, तिसऱ्यांदा तो टणकन वर उडाला की ठासणी झाली. मग केप. गोळी नसायची. नुसता खाली बार आभाळाकडे. डोंगरातून त्याचा आवाज परत यायचा आणि डुकरं झाडीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय मारायची सोयच नव्हती, पण आजोबांना त्याचं दुःख नसावं. "त्याला घाबरवायचाय, त्याच्याशी काय वैर हाय?" असं म्हणायचे.

गोळी घातलेला बार मी एकदाच पाहिला. फुटकं मडकं बांधावर उपडं घातलं, आणि साठ पावलं मोजून आजोबा मांडी घालून बसले. नळी गुडघ्यावर टेकवली. मला वाटलं झोपले. इतका वेळ! मग धूर, धुरानंतर आवाज (निदान माझ्या आठवणीत तरी त्याच क्रमाने), आणि मडक्याच्या जागी मडकं नाही. नळी जागची हललीसुद्धा नव्हती. म्हणाले, "जड हाय म्हणून शिव्या देतोस ना उचलताना? ती जड हाय म्हणूनच लागते."

हे सगळं आठवत मी ठाण्यात बसलो होतो. हवालदारांना भिंतीवर लावायचं बोललो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लावा की. पण ती परत उडता कामा नये. दुरुस्त करूनसुद्धा नाही." घरी येऊन कायदा वाचला, बरोबर होतं. ४५ व्या कलमात जुन्या, पुराणवस्तू म्हणून ठेवायच्या बंदुकांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशी निकामी हवी. आमची तर केप लावली की आजही उडेल. म्हणजे हॉलमध्ये लावायची तर आधी ती मारायला हवी. नळीला आरपार भोकं पाडून किंवा आतून वितळवून बंद करून.

ज्या नळीच्या सांध्यावर कुणीतरी दिवसेंदिवस घण घातले, पुढे कुणी कानस घेऊन तिला दुसरा जन्म दिला, तिला मी ठाण्याच्या फ्लॅटसाठी ड्रिल मारायचं?

संध्याकाळी दादाबरोबर शेतावर गेलो. वालाचा एक पट्टा डुकरांनी उकरून ठेवला होता. आजूबाजूची निम्मी शेतं ओस. पोरं पनवेलला, मुंबईला (माझ्यासारखीच). रान शेतात उतरलंय, त्यामुळे डुकरं पूर्वीपेक्षा धीट झाल्येत. दादा सुतळी बॉम्ब लावतो, पत्रे वाजवतो, जुन्या साड्यांचं कुंपण करतो.

"मग बंदूक तुझ्या नावावर का नको?" मी विचारलं.

"कोण नको म्हणतंय? पण तुला लहानपणापासून तिची हौस. मला वाटलं, तुला पायजे असंल."

"तू करशील का बार?"

"न करून सांगतो कुणाला? तुला नळी पायजे, मला वाल पायजे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यातली ती ओळ पिकाच्या राखणीसाठी आहे, आणि राखण दादा करतो.

सोमवारची रजा टाकली आणि ना-हरकत पत्रावर सही केली. आता दादाचा अर्ज, चौकशी, सातबारा, सगळं रीतसर होईल. वेळ लागेल. मिळालाच तर परवाना पाच वर्षांचा (२०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असे). निवडणूक आली की पुन्हा ठाण्यात जमा. नाही मिळाला तर काय करायचं ते तेव्हा बघू. ड्रिल मारायचं नाही एवढं दोघांचं ठरलंय.

निघताना हवालदारांनी बंदूक परत आत नेली. नळीवर गंजाचे ठिपके आलेत. दादाने त्यांच्यापुढे खोबरेल तेलाची बाटली ठेवली आणि महिन्यातून एकदा फडक्याने पुसायला सांगितलं. ते हसले, पण बाटली ठेवून घेतली.

असो. पोपटीला बोलावलंय दादाने. वाल राहिला तर.